कोपरावरच्या बलिया

उत्तमसिंग : दसऱ्याला आलं होतं ते पत्र. त्याला मी उत्तर दिलेलं नाही, रुपी. आता होळी आली.

रुपीबाई : मी कुठं काय म्हनलं? मी फकस्त इचारलं, देवळीतला तो निळा कागद अजून तिथंच काहून हाय.

उत्तमसिंग : तेच ते पत्र. भगवानरावाचं.

रुपीबाई : यवतमाळच्या डॉक्टरचं? तुमच्या शायेतला पोट्टा तो?

उत्तमसिंग : माझ्या वर्गात होता तेव्हा त्याला पाढे येत नव्हते. आता मोठमोठे लोक त्याला साहेब म्हणतात आणि तो मला अजून ‘गुरुजी’ लिहितो. म्हणून तर लिहिता येईना.

रुपीबाई : साऱ्या तांड्याचे कागद तुमी लिहून देता मास्तर. फौजेतल्या पोट्ट्यायचे कागद वाचून दाखवता. आन घरचाच कागद अडला?

उत्तमसिंग : दुसऱ्याचं लिहिणं सोपं असतं. आधी वाटलं, पत्त्यात मुंबई राज्य लिहावं की महाराष्ट्र. मग वाटलं, अक्षर बरं आलं नाही. मग मायना पसंत पडेना.

रुपीबाई : खोटं नोका सांगू. घरी तरी.

उत्तमसिंग : त्यानं काय विचारलं आहे, ठाऊक आहे तुला?

रुपीबाई : मले कोन वाचून दाखवलं?

उत्तमसिंग : ऐक मग. ‘गुरुजी, काकूंना दवाखान्यातून सोडताना सांगितलेलं चालू आहे ना? बाजारच्या अंगदुखीच्या पुड्या पूर्ण बंद असाव्यात. पोटातून पुन्हा रक्त गेलं तर मला काही करता येईल असं वाटत नाही. मी दिलेली गोळी जेवणावरच घ्यावी, आणि दुखणं फार वाढलं तरच. खांद्याचं हे दुखणं नुसत्या औषधानं जाणारं नाही. निम्मं काम शेकानं आणि हात हलवण्यानं व्हायचं आहे. आणि उजव्या कोपरावरच्या बलिया, त्या हाडाच्या बांगड्या, काढल्या का, तेवढं कळवा. त्या दंडात रुतल्या आहेत. त्या आहेत तोवर ना शेक लागेल, ना हात उठेल.’

रुपीबाई : काढल्या का म्हने. कुनब्याचा पोट्टा तो, त्याले काय मालूम. नवरा जित्ता असल्यावर कोनी बलिया काढते काय?

उत्तमसिंग : म्हणूनच उत्तर दिलं नाही. ‘काढल्या’ लिहावं तर खोटं. ‘नाही काढल्या’ लिहावं तर तो म्हणणार, काढा. मग मला तुला म्हणावं लागणार.

रुपीबाई : काय म्हनाव लागनार?

उत्तमसिंग : की काढ. म्हणजे, मी नाही असं समज.

रुपीबाई : थू थू! जा, तोंड धुऊन या. तिनसांजेच्या वक्ती काय बोलून राह्यले!

उत्तमसिंग : बरं, ते राहू दे. पुड्या बंद आहेत ना?

रुपीबाई : हाव.

उत्तमसिंग : रुपी.

रुपीबाई : हाव म्हनलं ना.

उत्तमसिंग : काल बैलांच्या गव्हाणीत लाल कागद सापडले. ओंजळभर होते.

रुपीबाई : हवेनं आले असतीन.

उत्तमसिंग : पुड्यांचे कागद आहेत. घडी घालून कडब्याखाली दाबलेले. हवा घडी घालत नाही.

रुपीबाई : मंग काय करू मी? सांगा. रातभर भितीले टेकून बसून राह्यतो. या कुशीवर होता येत नाही, त्या कुशीवर झालं तं खांदा ओढते. सकाळी चहासंगं पुडी घेतली तं दुपारपर्यंत मानसावानी राह्यतो. तुमी कंदील घेऊन वाचत बसता. तुमाले वाटते, झोपली.

उत्तमसिंग : तुझी झोप मोडू नये म्हणून मी बोलत नव्हतो.

रुपीबाई : आन मले वाटे, तुमचं वाचनं मोडू नये. तुमी पुस्तकासंगं बोलता, मी खांद्यासंगं बोलतो. असं चाललं आपलं.

उत्तमसिंग : तांड्यातल्या बाया येतात ना दिवसा?

रुपीबाई : कायले येतीन? दोन घागरी डोक्शावर घेनारी होती मी. आता त्या मव्हरं निघून जाते, हाक बी मारत नाही. होळीची लेंगी, गानी म्हनून राह्यल्या रोज सांजच्याले, ऐकू येते ना तुमाले? एकीनं म्हनलं नाही, रुपी चाल. हात उठल्याबिगर कोन नाचते? कालच्याले मी इथूनच म्हनून पाह्यली एक. बैलानं मान वर केली तेवढी.

उत्तमसिंग : शेक तरी घ्यायचा. मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधायचं. मी दाखवलं होतं तुला.

रुपीबाई : घेतला ना.

उत्तमसिंग : कधी?

रुपीबाई : संक्रांतीच्या आंगंमांगं. डाव्या हातानं तापवलं, डाव्या हातानं न् दातानं बांधलं. बलियावरूनच ठेवलं.

उत्तमसिंग : वरूनच?

रुपीबाई : मंग कुठं ठेवू? कोपरापासून खांद्यापर्यंत त्याच तं हाय. हाड तापते मास्तर. मीठ थंड होते, पन हाड तापलेलंच राह्यते. मले आधी बरं वाटलं. मंग आग झाली, तं काढाले हात पुरेना.

उत्तमसिंग : दाखव.

रुपीबाई : काही नाही वो ते.

उत्तमसिंग : दाखव म्हणतो ना.

रुपीबाई : हे पाहा. वरतून दिसत नाही. ही जराशी सरकवा... ओ याडी, माय वो! हळू!

उत्तमसिंग : हे पिकलं आहे रुपी. पू धरला आहे. संक्रांतीपासून? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?

रुपीबाई : तुमी वाचून राह्यलते.

बिजलीबाई : घरात कोनी जित्तं हाय का? असे बसले दोघंबी, जसं काय कोनाले पोचवून आले.

उत्तमसिंग : या भोजाई. बसा.

बिजलीबाई : मोठ्या भावाची बायको दारात उभी, तं उठून चटई टाकाव. एवढं बी नाही वाटते तुह्या पुस्तकात? राहू दे, बसली मी. हे घे रुपी, बिब्बे आनले. तापवून चटके देतो खांद्यावर. तुह्या जेठाच्या कंबरेले मीच देत होती. पाच वर्स वावर केलं त्यानं त्याच्यावर.

उत्तमसिंग : बिब्बा नको, भोजाई.

बिजलीबाई : तुले कोन इचारलं?

उत्तमसिंग : आधीच भाजलं आहे तिला. बिब्ब्यानं आणखी फोड येतील. त्या आगीत खांदा दोन दिवस विसरायचा, एवढंच होतं त्यानं.

बिजलीबाई : दोन दिवस तं दोन दिवस. तुह्या डॉक्टरनं किती दिवस देल्ले?

उत्तमसिंग : तो म्हणतो... मला नीट सांगता येत नाही. मी वैद्य नाही. पण तो म्हणतो की या दुखण्याला हळूहळू सवय लावावी लागते. थोडा शेक, थोडी हालचाल, थोडी गोळी. कोणतंच फार नको. आणि त्याच्याआधी बलिया काढाव्या लागतील.

बिजलीबाई : काय म्हनला?

रुपीबाई : मी नाही म्हनलं बाई. कागदात लिहून आलं.

बिजलीबाई : उत्तम, तुह्या भावाले जाळून आल्यावर माह्या काढल्या. नदीवर. देवसिंगची राख गरम होती. तुह्या बायकोच्या काढाले तुले घाई झाली काय?

रुपीबाई : मी काढतच नाही. हात गेला तरी चालीन.

उत्तमसिंग : हात नाही जाणार. जीव जाईल. शेक नाही म्हणून पुड्या, पुड्या म्हणून रक्त. गेल्या खेपेला एसटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून पांढरी फटक पडली होतीस. घाटंजीच्या त्या माणसानं जागा दिली नसती तर...

रुपीबाई : गेली असती तं अहेव गेली असती. त्याच्यासाठी बाया उपास करते.

उत्तमसिंग : तू अहेव गेलीस. आणि मी?

बिजलीबाई : तुले दुसरी आनून देऊ.

रुपीबाई : यायले कोन देते बाई? भाकर टाकता येत नाही, बोलता येत नाही. लगनात बी खाली पाहून बसले होते. माह्या भावाले वाटलं, नवरदेव मुका हाय.

उत्तमसिंग : मी एक म्हणू का? पण हसू नका.

बिजलीबाई : हासाचं का नाही, ते आमी पाहू.

उत्तमसिंग : बलिया टाकायच्या नाहीत, पेटीत ठेवायच्या नाहीत. अंगावरच राहू द्यायच्या. फक्त माझ्या अंगावर.

रुपीबाई : म्हंजे?

उत्तमसिंग : मी घालतो. तुझा हात जरा हलू लागेपर्यंत. नवरा जिवंत आहे म्हणूनच घालतात ना? नवऱ्याच्याच हातात असल्या तर कोणाला शंका राहायला नको.

बिजलीबाई : माय वो! ऐकलं का रुपी? बाप्या मानूस बलिया घालीन! घागरा बी शिवू काय तुले? आरसे मी लावून देतो.

उत्तमसिंग : सदऱ्याच्या बाहीत झाकल्या जातील.

बिजलीबाई : तांडा हासन, बह्याडा. पूनमसिंग नायक बोलावून इचारीन.

उत्तमसिंग : विचारू द्या. निदान काही विचारील. माझ्याशी कोण बोलतं, भोजाई? पत्र वाचून झालं की घडी घालून उठतात. नायकाच्या ओट्यावर सगळे बसलेले असतात, मी समोरून जातो, राम राम होतो. बस असं कोणी म्हणत नाही.

बिजलीबाई : तूच बसत नाही तं.

उत्तमसिंग : कोणी म्हटल्याशिवाय बसायचा धीर होत नाही मला. लहानपणापासून नाही. वाटतं, आपल्यामुळे त्यांच्या गप्पा थांबतील.

रुपीबाई : मास्तर, तुमाले लाज वाटीन. रोज वाटीन. मले मालूम हाय ना तुमी कसे हाव ते.

उत्तमसिंग : वाटेल. पण गव्हाणीतले ते कागद मोजण्यापेक्षा ही लाज बरी.

रुपीबाई : बाई, बिब्बे काहून बांधून घेता?

बिजलीबाई : काही नाही.

रुपीबाई : रागावल्या काय?

बिजलीबाई : नाही वो. एक सांगू? बाहीर नोका बोलू दोघंबी. त्या दिवशी नदीवर माह्या उतरवल्या ना, साऱ्या बाया रडून राह्यलत्या. मी बी रडून राह्यलती. आन रडता रडता डोळे पुसाले माहा हात वर गेला. असा. सहज. माहा बी खांदा धरला होता तवा, कोनाले मालूम नोयतं. किती वर्सानं हात डोळ्यापर्यंत गेला. आन मले बरं वाटलं, रुपी. नवऱ्याची राख गरम हाय, आन मले हात हलका झाला म्हून बरं वाटलं.

रुपीबाई : बाई...

बिजलीबाई : त्याच्यानंतर मी कोनाजोळ बसली नाही. कोनी बोललं का वाटे, याले दिसते काय माह्या तोंडावर?

रुपीबाई : मले वाटे, तुमाले मोठेपना हाय. म्हून येत नाही तुमी.

बिजलीबाई : मोठेपना कायचा. एवढ्या दूर झोपडीत एकलीच बसतो मी, दार लावून.

उत्तमसिंग : भोजाई, त्यात वाईट काय...

बिजलीबाई : तू गप रे. तुले सांगतलं नाही मी, हिले सांगतलं. जाय, एरंडीचं तेल आन. साबन बी आन, कपड्याचा.

रुपीबाई : बाई, काढाच्या?

बिजलीबाई : उजव्या हातच्या काढ. डाव्या राहू दे. तेवढं तं माहं ऐक. कोनी इचारलं तं मी सांगतो, बिजलीनं काढल्या.

उत्तमसिंग : हे तेल. साबण ओला करून आणला आहे.

बिजलीबाई : आता तिकडं तोंड कर.

उत्तमसिंग : मी?

बिजलीबाई : मंग कोन? अंगावरच्या बलिया उतरताना नवऱ्यानं पाहू नये.

रुपीबाई : पाहू द्या त्यायले. त्यायच्याच तं हातात जानार हाय.

बिजलीबाई : बरं. हात ढिला सोड. ढिला... अशी ताठ नोको धरू. वरतून नाही, खालच्यापासून काढू.

रुपीबाई : ओ याडी... याडी ये...

बिजलीबाई : निघाली. ही एक निघाली. उत्तम, पाहात काय राह्यला, तिचा खांदा धर. मागून धर.

उत्तमसिंग : धरला आहे.

रुपीबाई : लय घट्ट नोका धरू मास्तर.

उत्तमसिंग : सोडला तर तू हलशील.

बिजलीबाई : या जखमेजोळची राहू दे शेवटी. तिले भिजू दे. हं... आता श्वास सोड. झालं. झालं बाई, रडू नोको. साऱ्या निघाल्या.

उत्तमसिंग : किती गोरा आहे.

रुपीबाई : लगनाच्या वक्ताचा हाय तो. त्यानं ऊन नाही पाह्यलं तवापासून.

उत्तमसिंग : हा हात मी कधी पाहिलाच नव्हता.

रुपीबाई : आता पाहा. पन लय वेळ नोका पाहू. उघडं वाटते.

बिजलीबाई : चाल, आता तुहा हात आन इकडं. लेखनी धरून धरून पोरीवानी झाला हा. तरी पाहा, अंगठ्याजोळ अडकून राह्यली. बोटं जोड. दाब... गेली! दुसरी बी गेली. ही काही जात नाही वो.

उत्तमसिंग : आई गं!

बिजलीबाई : आत्ताच? हिनं जनम काढला याच्यात.

उत्तमसिंग : बाकीच्या दोरीत ओवून गळ्यात बांधा.

बिजलीबाई : बैलाच्या गळ्यात घुंगरं तसं? वाजन मंग मास्तर. तांड्यात शिरला का समजीन, आला म्हून.

उत्तमसिंग : रुपी, तू हसलीस?

रुपीबाई : हासली काय मी? म्हून दुखलं खांद्यात.

(गुढीपाडवा होऊन गेला आहे. भिंतीवर गेरूच्या आडव्या रेघा, एकीच्या वर एक.)

रुपीबाई : हातात लोटा धरून झुलवून झाला. आता भितीवर हात चढवाचा. सरका तुमी, उजेड येऊ द्या.

उत्तमसिंग : ही कालची रेघ. बोटं हळूहळू चढव वर. घाई करू नको.

रुपीबाई : मुंगीवानी. सांगतलं ना त्या नर्सबाईनं, बाभुळगावले पट्टी बदलून देताना. मुंगीवानी चढाचं आन दुखलं का थांबाचं. तुमीच ओढता मले वर.

उत्तमसिंग : बरं, नाही ओढत. गोळी घेतली होतीस?

रुपीबाई : सकाळी घेतली, भाकर खाऊन. रातच्याले लागली तं घेईन. परवा घेतली नोयती, मिठाच्या शेकावरच गेली रात.

उत्तमसिंग : आणि पुडी?

रुपीबाई : गव्हानीत हात घालून पाहून या.

उत्तमसिंग : नाही पाहत.

रुपीबाई : पाह्यली असन तुमी. बैल सांगत होता. हं... लागलं. इथं थांबतो. ओढा रेघ.

उत्तमसिंग : कालच्यापेक्षा बोटभर वर आहे.

रुपीबाई : आन परवाच्यापेक्षा तेवढीच. एक दिवस चढते, एक दिवस उतरते. लिहून टाका आता त्या डॉक्टरले.

उत्तमसिंग : लिहिलं आहे. पण ते बरं उतरलं नाही असं वाटतं.

रुपीबाई : वाचा.

उत्तमसिंग : ‘चिरंजीव भगवानराव यास अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. तुमच्या काकूंचं खांद्याचं दुखणं आता पुष्कळ गेलं आहे...’

रुपीबाई : गेलं लिहू नोका. गेलं नाही. तुमाले जाव वाटते म्हून लिहिलं काय?

उत्तमसिंग : मग काय लिहू?

रुपीबाई : दुखते, लिहा. पन कुशीवर होता येते. बिजलीबाईनं परवा माह्या डोक्शावर घागर ठेवली, लहान, आन त्या संगं आल्या विहिरीपासून. ते लिहा.

उत्तमसिंग : एवढंच?

रुपीबाई : एवढं कमी हाय काय? आन भाजलं होतं ते बी लिहा. दुसऱ्या कोन्या बाईले सांगन तो, बलियावरून शेकू नोका म्हून.

उत्तमसिंग : हे बरं सुचलं तुला. मला सुचलं नसतं. आणि बलियांबद्दल?

रुपीबाई : खरं असन ते लिहा.

उत्तमसिंग : ‘उजव्या हातच्या बलिया काढल्या. सध्या माझ्याकडे आहेत.’ वाचणारा काय समजेल?

रुपीबाई : जे समजीन ते समजीन. चिकटवा तो कागद. आन आता हा बी नोका ठेवू देवळीत. बाभुळगावच्या टपालपेटीतच टाकून या.

*

रुपीबाई : टाकलं काय?

उत्तमसिंग : टाकलं.

रुपीबाई : इतका वखत काहून लागला?

उत्तमसिंग : पेटीजवळ उभा राहिलो थोडा. सवयीनं. परत घरी न्यावं, एकदा पुन्हा वाचावं असं वाटलं. मग टाकलं.

रुपीबाई : कोनी पाह्यलं तं नाही?

उत्तमसिंग : पेटीत हात घालताना बाही वर गेली. समोर पिंपळाच्या पारावर पूनमसिंग नायक एसटीची वाट पाहत बसला होता.

रुपीबाई : याडी! काय म्हनला?

उत्तमसिंग : म्हणाला, मास्तर, ह्या कोणाच्या? म्हटलं, रुपीच्या आहेत. थोडे दिवस धरल्या आहेत.

रुपीबाई : हासला काय?

उत्तमसिंग : नाही. पाहत राहिला. मग सरकून जागा केली. बस म्हणाला.

रुपीबाई : मंग? बसले?

उत्तमसिंग : बसलो. एसटी येईपर्यंत.